शाकाहारी ताट आणि वनस्पतीप्रधान ताट: हिशेब चीजपाशी चुकतो

कार्यालयाच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस मांसाहार बंद ठेवायचा आणि त्या दिवसाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणून मिरवायचे, हा प्रकार आता जागोजागी दिसतो. हेतू चांगला असतो. हिशेब मात्र बहुतेक वेळा कोणी केलेलाच नसतो. शाकाहारी जेवण आणि वनस्पतीप्रधान जेवण एकच, असे गृहीत धरून मेनू ठरतात, निविदा निघतात आणि शहरांची धोरणेही लिहिली जातात.

शाकाहार म्हणजे काय, हे वाचकाला सांगत बसण्याची गरज नाही. ताटात काय येणार नाही याचा तो नियम आहे, आणि नियम एक तर पाळला जातो किंवा मोडतो. वनस्पतीप्रधान आहारात मात्र प्रश्न प्रमाणाचा असतो: ताटाचा किती भाग कडधान्ये, धान्ये, भाज्या, फळे आणि तेलबियांनी भरला आहे, आणि प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ, म्हणजे मांसाबरोबरच दूध, लोणी आणि चीजही, किती उरले आहेत. ईट-लॅन्सेट या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या आयोगाने २०१९ मध्ये माणसाचे आरोग्य आणि पृथ्वीची मर्यादा या दोहोंचा विचार करून जो आहार सुचवला, त्यात दिवसाला ७५ ग्रॅम कडधान्ये, ५० ग्रॅम बदाम-अक्रोडासारखी कवचफळे, सुमारे २५० ग्रॅम दूध किंवा तेवढ्या दुधाचे पदार्थ, आणि अगदी थोडे चिकन व मासेही आहेत. त्याच वर्षी कोपनहेगन येथे सी-४० या शहरांच्या संघटनेच्या परिषदेत १४ शहरांनी आपली सार्वजनिक अन्नखरेदी २०३० पर्यंत अशाच आहाराच्या जवळ नेण्याचे मान्य केले. हा आहार शाकाहारी नाही, तरीही वनस्पतीप्रधान आहे.

लोक खरोखर चुकतात ते दुधाच्या पदार्थांपाशी, त्यातही चीजपाशी. मांस काढले, त्या जागी चीज घातले, की काम झाले असे मानले जाते. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवरून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील सरासरी आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १०० ग्रॅम प्रथिने मिळवण्यासाठी चीजमागे सुमारे ११ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू बाहेर पडतात. चिकनमागे सुमारे ५.७ किलो, अंड्यांमागे ४.२, टोफूमागे (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) २, आणि वाटाण्यामागे अर्ध्या किलोहूनही कमी. म्हणजे चिकनच्या जागी चीज आणणारा शाकाहारी दिवस, प्रथिनांच्या मापाने, हवामानावरचा भार जवळजवळ दुप्पट करू शकतो. शेताशेतांत फरक मोठा असतो, तेव्हा प्रत्येक चीज असेच असे नाही. पण सरासरी कोणीकडे झुकते याबद्दल शंका उरत नाही.

एका सँडविचमध्ये साधारण ६० ग्रॅम चीज सहज जाते. त्याच अभ्यासाच्या सरासरीने एक किलो चीजमागे सुमारे २४ किलो वायू धरले, तर या एका सँडविचमधल्या चीजचा वाटा जवळपास १.४ किलो होतो. तेवढ्याच वजनाची कोरडी कडधान्ये भिजवून, शिजवून त्यात भरली, तर प्रथिने जवळपास तितकीच मिळतात आणि वायूंचा आकडा ०.१ किलोच्या आसपास राहतो. कारण सरळ आहे. एक किलो चीज करायला साधारण दहा लिटर दूध आटते, आणि ते दूध देणारी गाय रवंथ करताना मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो. कोंबडी रवंथ करत नाही, म्हणून कोंबडीचे मांस मांसाहार असूनही या एका मापात चीजच्या खाली राहते. येथे कोंबडीची वकिली करण्याचा हेतू नाही, कारण दोहोंच्या खूप खाली कडधान्ये आहेत, आणि कँटीनच्या मेनूवर सर्वांत दुर्लक्षित तीच असतात. (माल लांबून आला म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्यांसाठी एवढेच, की अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारणपणे दहा टक्क्यांहून कमी असतो. ताटात काय आहे, हे ते कुठून आले याहून बहुधा महत्त्वाचे ठरते.)

मध चालतो का, अंडे कोणत्या बाजूला, यांवर होणारे वाद प्रमाणाच्या हिशेबात किरकोळ आहेत.

आरोग्याच्या बाबतीत गोंधळ उलट्या दिशेने होतो. तळलेले बटाटे, मैद्याचा पाव आणि साखरेचे पेय हे जेवण शंभर टक्के वनस्पतींपासूनचे आहे, आणि दुपारच्या बैठकीत पेंगणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ते काही भले करत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे दोन लाख आरोग्यसेवकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये दाखवले, की अखंड धान्ये, भाज्या, फळे आणि कडधान्ये अधिक खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका कमी होता, तर साखर आणि मैद्याच्या वनस्पतिजन्य पदार्थांवर भर देणाऱ्यांमध्ये तो वाढलेला होता. मेनूकार्डावर हिरवे पान छापून दोन्हींना एकच मान देणे मला साफ नामंजूर आहे.

बदल घडतो तो मात्र उपदेशाने नव्हे, मांडणीने. केंब्रिज विद्यापीठातील कँटीनमध्ये ९४ हजारांहून अधिक जेवणांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात, शाकाहारी पर्यायांचे प्रमाण एक चतुर्थांशावरून निम्म्यावर नेल्यावर त्यांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांनी २०२२ पासून पुढचे पाऊल टाकले: रुग्णापुढे आधी वनस्पतिजन्य जेवण ठेवले जाते, आणि नको असेल तर तो दुसरे मागतो. तेव्हा कँटीनच्या करारात ‘शाकाहारी पर्याय असावा’ एवढेच लिहून थांबू नये. कडधान्यांचा एक मुख्य पदार्थ रोज आणि काउंटरवर पहिल्या जागी असावा, असे लिहावे; चीज, लोणी आणि मलई यांची दर महिन्याची खरेदी मांसाच्या शेजारच्या रकान्यात, किलोमध्ये, कंत्राटदाराकडून मागावी.