ड्रायव्हर-बंधन (लिनक्स कर्नल)

ड्रायव्हर-बंधन : हार्डवेअर उपकरण आणि ते चालवणारा कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागातील) ड्रायव्हर यांची जोडणी. ती न झाल्यास ड्रायव्हरच सदोष मानण्याची घाई होते. पण बिघाड जुळणीच्या (उपकरणाला योग्य ड्रायव्हर शोधण्याच्या) टप्प्यावर आहे की त्यानंतरच्या ‘प्रोब’ (ड्रायव्हरने उपकरण तपासून ताब्यात घेण्याच्या) या टप्प्यावर, हे आधी ठरवावे लागते.

‘प्रोब’ या संज्ञेचा उगम बहुधा आयएसए बसच्या (संगणकाला विस्तार-कार्डे जोडणाऱ्या जुन्या मार्गाच्या) काळात आहे. त्या बसवरील कार्डे स्वतःची ओळख सांगत नसत, म्हणून ड्रायव्हर संभाव्य पोर्ट चाचपून पाहत असे आणि चुकीच्या पोर्टावर लिहिले गेल्यास संगणक गोठण्याचाही धोका असे. 1992 मधील पीसीआय या नंतरच्या बसच्या मानकाने उत्पादक व उपकरण यांचे प्रत्येकी 16 बिटांचे क्रमांक वाचण्याची सोय केली. लिनक्समधील उपकरणे व ड्रायव्हर हाताळण्याची आजची एकसंध रचना साधारणपणे 2.6 आवृत्तीपासूनची (डिसेंबर 2003) मानतात. तिच्यात जुळणी बस (म्हणजे त्या बसचा कर्नलमधील कोड) करते आणि प्रोब ड्रायव्हर करतो. दोन्ही मिळून एकच क्रिया समजण्यापेक्षा हा भेद पाळणे निदानास अधिक सोयीचे ठरते.

जुळणी न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उपकरणाचा क्रमांक ड्रायव्हरच्या तक्त्यात नसणे. सिसएफएसमधून (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल-प्रणालीतून) तो तात्पुरता जोडता येतो, मात्र त्यामुळे नव्या चिपला जुना ड्रायव्हर चालेलच असे नाही. डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचे कर्नलला दिलेले लेखी वर्णन) वापरणाऱ्या सर्किट-फलकांवर क्रमांकाऐवजी सुसंगतता सांगणारा मजकूर (‘compatible’) जुळवला जातो. त्या वर्णनातील उपकरणाच्या नोंदीची स्थिती ‘बंद’ असेल तर उपकरण सहसा निर्माणच होत नाही.

प्रोबमधील अपयश फसवे असते. फर्मवेअरची (उपकरणात भरायच्या प्रोग्रामची) फाइल न सापडल्यास संदेश बहुधा उमटतो. परंतु ड्रायव्हरने ‘असे उपकरण नाही’ (−19) असे उत्तर दिल्यास कर्नलचा गाभा तो नकार केवळ डीबग पातळीवर (दोष शोधण्यासाठीच्या, एरवी लपलेल्या संदेशांत) नोंदवतो आणि नेहमीच्या नोंदीत काहीच दिसत नाही. त्यामुळे नोंद कोरी आहे एवढ्यावरून जुळणीच झाली नाही असे मानता येत नाही. −517 या उत्तराचा अर्थ ‘नंतर पुन्हा पाहा’ असा आहे. उपकरणाला लागणारा घड्याळ-संकेत (क्लॉक) किंवा विद्युत्-नियामक पुरवणारा ड्रायव्हर अजून तयार नसेल, तर 3.4 आवृत्तीपासून (2012) उपकरण प्रतीक्षायादीत ठेवले जाते, आणि दुसरे एखादे बंधन यशस्वी झाले की यादीतील उपकरणांचा पुन्हा प्रयत्न होतो. ज्याची वाट पाहायची तो ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधलेलाच नसेल, तर उपकरण त्या यादीतच अडकून राहू शकते.

उपकरण आधीच दुसऱ्या ड्रायव्हरकडे असल्यास ते प्रथम सोडवावे लागते. मॉड्यूल (कर्नलमध्ये वेगळा लोड होणारा ड्रायव्हर) दुसऱ्या कर्नल आवृत्तीसाठी बांधलेले असेल किंवा त्याची डिजिटल सही नाकारली गेली असेल, तर ते सहसा लोडच होत नाही आणि जुळणीचा प्रश्न उद्भवत नाही.