पट्टी शंभरावर, फाइल अजून वाटेत

लिनक्सवर पेनड्राइव्हमध्ये मोठी फाइल टाकताना एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेली असते. दीड जीबीची व्हिडिओ फाइल ओढून पेनड्राइव्हच्या खिडकीत सोडली की हिरवी पट्टी सुसाट धावते आणि पाच-सहा सेकंदांत नव्व्याण्णव टक्क्यांवर पोचते. वेग दिसतो सेकंदाला तीनशे एमबी. मग सगळं थबकतं. एक मिनिट जातं, दोन जातात. पट्टी तिथेच असते किंवा 'कॉपी पूर्ण' म्हणून नाहीशी झालेली असते, आणि इजेक्ट दाबलं तर 'डेटा लिहिला जात आहे, ड्राइव्ह काढू नका' असा संदेश हटत नाही. माझ्या ओळखीतल्या किमान तिघांनी अशा वेळी कंटाळून पेनड्राइव्ह उपसून काढला आणि दुसऱ्या मशीनवर अर्धवट फाइल उघडली. म्हणून हा विषय मला नुसत्या वेगाचा वाटत नाही, डेटा गमावण्याचाही वाटतो.

'स्लो आहे' ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे वेगवेगळे आजार असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. त्यामुळे कोणतीही सेटिंग बदलण्याआधी विचारायचा प्रश्न हा, की या क्षणी माझा डेटा नेमका कुठे आहे?

वरच्या उदाहरणात तो रॅममध्ये आहे. एखादा प्रोग्राम फाइल लिहायला सांगतो तेव्हा लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तो डेटा लगेच ड्राइव्हकडे पाठवत नाही. आधी तो रॅममधल्या 'पेज कॅशे'त ठेवून घेतं आणि प्रोग्रामला 'झालं' असं कळवून टाकतं. रॅममध्ये आलेली पण ड्राइव्हवर अजून न उतरलेली ही पानं म्हणजे कर्नलच्या भाषेत 'डर्टी पेजेस'. ती नंतर सवडीने, मागच्या मागे ड्राइव्हवर लिहिली जातात. आतल्या वेगवान डिस्कसाठी ही पद्धत फार उपयोगाची आहे, कारण लहान-लहान लिखाणं एकत्र होतात आणि प्रोग्रामला ताटकळावं लागत नाही. पट्टी मात्र 'कर्नलने किती डेटा घेतला' एवढंच मोजते. पेनड्राइव्हवर किती उतरला, हे तिला ठाऊकच नसतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. 'प्रॉक' फोल्डरात 'मेमइन्फो' नावाची फाइल असते. 'वॉच' कमांड लावून तिच्यातल्या 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळींवर नजर ठेवायची. दीड जीबीची फाइल टाकल्यावर 'डर्टी'चा आकडा झपाट्याने चौदा लाख केबीच्या आसपास चढतो. मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'सिंक' असं लिहून एंटर दाबायचं. डेटा आता 'डर्टी'तून 'राइटबॅक'मध्ये सरकतो आणि दोन्ही आकड्यांची बेरीज उतरू लागते. वॉच दर दोन सेकंदांनी आकडे ताजे करतो, आणि माझ्याकडच्या एका साध्या ड्राइव्हवर दर वेळी सुमारे बारा हजार केबी कमी होत होते. कधी अडखळत, कधी एकदम उडी मारून. म्हणजे सेकंदाला सहा एमबी. हा त्या ड्राइव्हचा खरा वेग. दीड जीबी भागिले सहा एमबी म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांहून थोडं जास्त. पट्टीने जे पाच सेकंदांत झाल्याचं सांगितलं, ते काम मुळात चार मिनिटांचं होतं.

आता प्रश्न असा की कर्नल एवढा डेटा रॅममध्ये साचू का देतं? 'डर्टी रेशो' आणि 'डर्टी बॅकग्राउंड रेशो' या दोन मर्यादा ते ठरवतात. कर्नलच्या मूळ सेटिंगमध्ये पहिली २० टक्के आणि दुसरी १० टक्के असते. टक्केवारी एकूण रॅमची नाही, वापरता येण्याजोग्या रॅमची. १६ जीबीच्या मशीनवर १२ जीबी मोकळी असेल, तर डर्टी पानं १.२ जीबीपर्यंत साचली की मागच्या मागे लिखाण सुरू होतं आणि २.४ जीबी ही वरची हद्द. त्याशिवाय एखादं पान ३० सेकंदांपेक्षा जास्त काळ पडून राहिलं तरी त्याची पाठवणी होते.

वरची हद्द जवळ आली की कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रामांना मुद्दाम थांबवायला लागतं, आणि खरा त्रास तिथे सुरू होतो. साचलेला ढीग पेनड्राइव्हचा असला तरी ब्राउझर, एडिटर, ईमेल हे सगळेच काही ना काही लिहीत असतात आणि त्या गर्दीत तेही अडकू शकतात. पेनड्राइव्ह लावला की अख्खं मशीन गोठतं, या जुन्या तक्रारीचं मूळ हेच. २०१३ साली कर्नलच्या विकासकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली. ३२ बिटच्या कर्नलमध्ये ही टक्केवारी जेमतेम ९०० एमबीच्या खालच्या मेमरीवर मोजली जायची, त्यामुळे हद्द आपोआप १८० एमबीच्या आसपास राहायची. ६४ बिटच्या मशीनवर ते कुंपण उरलं नाही आणि तीच २० टक्के कित्येक जीबींवर गेली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांनी तेव्हा साफ म्हटलं होतं, की टक्केवारीची ही कल्पना मशीनची मेमरी मेगाबाइटांत मोजायच्या काळातली आहे. पुढे फेब्रुवारी २०१७मध्ये आलेल्या कर्नल ४.१०मध्ये मागच्या मागे चालणाऱ्या लिखाणाला लगाम घालणारी यंत्रणा आली आणि मशीन गोठण्याचा त्रास कमी झाला. टक्केवारीची मूळ सेटिंग मात्र तीच राहिली.

उपाय सोपा आहे. टक्केवारी सोडून थेट बाइटांत हद्द घालायची. 'सिस-सीटीएल' या कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडमधून 'डर्टी बाइट्स'ला २० कोटी आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स'ला १० कोटी हे आकडे द्यायचे, म्हणजे अनुक्रमे २०० आणि १०० एमबी. बाइटांचा आकडा दिला की त्याच्या जोडीची टक्केवारी आपोआप शून्य होते, त्यामुळे दोन्ही एकदम लागू होण्याची भीती नाही. सेटिंग कायम राहावी असं वाटत असेल तर 'सिस-सीटीएल'च्या फोल्डरात छोटी फाइल ठेवावी लागते, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत होतं. आता तीच फाइल टाकली की पट्टी पहिल्या २०० एमबीनंतर खऱ्या वेगाला येते. सेकंदाला सहा एमबी दिसतं आणि ते खरं असतं. पट्टी संपल्यावर फार तर अर्ध्या मिनिटात इजेक्ट होतं. तेवढंही थांबायचं नसेल तर हद्द ५० एमबीवर आणावी.

ही हद्द अख्ख्या मशीनला लागू होते. मशीनवर डेटाबेस किंवा सतत मोठं लिखाण करणारं काही चालत असेल तर आतल्या डिस्कला तिचा तोटा होऊ शकतो. घरगुती लॅपटॉपवर फरक जाणवत नाही. केवळ त्या एका ड्राइव्हलाच हद्द घालण्याची सोयही कर्नलमध्ये आहे, पण ती ड्राइव्ह लावल्यावर दर वेळी द्यावी लागते आणि त्यासाठी यूडेव्हचा, म्हणजे उपकरण लावताच आपोआप चालणारा, नियम लिहावा लागतो. एक चूक मात्र टाळावी. ड्राइव्ह 'सिंक' पर्यायासह माउंट केला, म्हणजे सिस्टीमला जोडला, तर प्रत्येक लिखाण तत्काळ ड्राइव्हवर जातं, हे खरं. पण मग लहानसहान बदलांसाठीही ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी पुन्हा-पुन्हा लिहिली जाते, वेग रसातळाला जातो आणि ड्राइव्हचं आयुष्य घटतं. माउंट कमांडच्या मदतपानातच तसा इशारा दिलेला आहे.

इथवर आपण फक्त पट्टीला खरं बोलायला लावलं आणि मशीन गोठणं थांबवलं. ड्राइव्ह एका बाइटनेही वेगवान झालेला नाही. खरा वेगच कमी असेल तर पुढची पायरी म्हणजे तार.

टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही कमांड 'टी' पर्यायासह चालवली की यूएसबीच्या उपकरणांचं झाड दिसतं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला वेग लिहिलेला असतो. ४८० म्हणजे यूएसबी २.०चा वेग, सेकंदाला ४८० मेगाबिट. इथे बिट आणि बाइटची गल्लत फार होते. आठाने भागले की ६० एमबी होतात आणि प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता हातात ३० ते ४० एमबी येतात. ५००० दिसलं तर यूएसबी ३.०, त्यात चारशे एमबीच्या आसपास मजल जाते. महागडा एसएसडी (फ्लॅश मेमरीची वेगवान डिस्क) लावूनही झाडात ४८० दिसत असेल तर दोष लिनक्सचा नाही. पोर्ट जुना आहे, किंवा मधला हब जुना आहे, किंवा केबल चार्जिंगची आहे. टाइप-सीच्या कितीतरी केबलींमध्ये यूएसबी २.०च्याच तारा असतात आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. एक गोष्ट समजली तेव्हा मला फार गंमत वाटली होती. यूएसबी ३.०च्या नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये जुने चार संपर्क पुढे असतात आणि वेगाचे नवे पाच आत खोल असतात. प्लग अगदी हळूहळू सरकवला तर जुने चार आधी टेकतात आणि ड्राइव्ह कधी कधी २.०च्या वेगानेच जोडला जातो. काढून एका दमात लावला की झाडात ५००० दिसतं.

तारही ठीक असेल तर उरते फ्लॅश मेमरी, आणि इथे स्वस्त पेनड्राइव्हचं खरं दुखणं आहे. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी शोधली. तिच्यातला मोठा भाग एका फटक्यात पुसला जातो, त्यावरून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडलं. तेच वैशिष्ट्य आज वेगाच्या आड येतं. पेनड्राइव्हमधल्या 'नँड' प्रकारच्या फ्लॅशमध्ये लिहायचं ते काही केबींच्या पानांनी, पण पुसायचं ते कित्येक पानांच्या अख्ख्या ब्लॉकने, आणि असा ब्लॉक कित्येक एमबींचा असू शकतो. भरलेल्या पानावर नुसतं वरून लिहिता येत नाही. ब्लॉकमधलं एक पान बदलायचं तर बाकीची चांगली पानं दुसरीकडे हलवायची, मग ब्लॉक पुसायचा. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रण चिप, हा पसारा हुशारीने सांभाळतो. पेनड्राइव्हच्या चिमुकल्या कंट्रोलरकडे तेवढी मेमरीही नसते आणि ताकदही.

म्हणून एक जीबीची एकच फाइल तीन मिनिटांत जाते आणि तेवढ्याच आकाराच्या वीस हजार फोटो-चिठ्ठ्या मात्र तासभर रखडतात. फॅट ३२ ही जुनी फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक नव्या फाइलसाठी फोल्डरातली नोंद बदलते आणि जागेचा तक्ताही बदलतो. या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात, त्याही ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात. म्हणजे तोच भाग पुन्हा-पुन्हा लिहिला जातो, आणि फ्लॅशला नेमकं तेच जड जातं. यावरचा उतारा जुना आणि खात्रीचा आहे. सगळ्या लहान फाइलींचं 'टार' करून एकच गठ्ठा बनवायचा आणि तो न्यायचा. कॉम्प्रेस करायची गरज नाही, फोटो तसेही आवळत नाहीत. फॅट ३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, तेवढं लक्षात ठेवावं.

काही ड्राइव्ह सुरुवातीचे दोन-चार जीबी झपझप लिहितात आणि मग अचानक मंदावतात. तो पेज कॅशेचा परिणाम नसतो. ड्राइव्हच्या आतच थोडा भाग वेगाने लिहिण्यासाठी राखलेला असतो, तो भरला की खरा वेग उघडा पडतो. यावर सेटिंगचा उपाय नाही.

फाइल सिस्टीमचा वाटाही थोडा आहे. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमचा ड्राइव्ह लिनक्सच्या अनेक वितरणांवर (तयार आवृत्त्यांवर) वर्षानुवर्षं 'एनटीएफएस-३जी' चालवत आलं. ते कर्नलच्या बाहेर चालतं, त्यामुळे प्रोसेसरवर भार पडतो. २०२१मध्ये कर्नल ५.१५पासून पॅरागॉन कंपनीचा 'एनटीएफएस३' ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. एक्सफॅट या फाइल सिस्टीमचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये त्याचा तपशील खुला केला आणि २०२०च्या कर्नल ५.७मध्ये सॅमसंगचा ड्रायव्हर दाखल झाला. विंडोज आणि मॅकवरही लावायचा ड्राइव्ह असेल तर मी हल्ली एक्सफॅटच निवडतो.

बाहेरच्या एसएसडी आणि हार्ड डिस्कच्या बाबतीत आणखी एक ठिकाण तपासावं लागतं. त्यातल्या बऱ्याच 'यूएएस' नावाच्या नव्या पद्धतीने बोलतात, जिच्यात एकावेळी अनेक आदेश रांगेत लावता येतात. डिस्क ज्यात बसवलेली असते अशा काही पेट्यांमधल्या चिपला ही पद्धत नीट जमत नाही. मग कॉपी मध्येच अर्धा मिनिट थिजते, पुन्हा चालते, पुन्हा थिजते. अशा वेळी कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डी-मेसेज' कमांडमध्ये यूएएसच्या तक्रारी आणि 'रिसेट' हा शब्द वारंवार दिसतो. त्या चिपपुरतं यूएएस बंद करून जुन्या 'यूएसबी-स्टोरेज' ड्रायव्हरवर आणता येतं. कागदावरचा वेग घटतो, पण न अडखळता चालल्यामुळे काम आधी संपतं.

मात्र 'डी-मेसेज'मध्ये रिसेटच्या जोडीला 'आय-ओ एरर' (वाचण्या-लिहिण्यातल्या चुका) येऊ लागले, ड्राइव्ह आधी बरा चालत होता आणि आता दर आठवड्याला मंदावतो आहे, किंवा आपणहून रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारा) होतो आहे, तर बहुधा फ्लॅश संपत आली आहे. त्या वेळी वर सांगितलेलं काहीही करत बसू नये. आधी त्यातला डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा.