‘क्रॉस आहे हो!’

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर पूर्वी कुणाच्या कुत्र्याची जात विचारली की मालक ओशाळून म्हणायचा, ‘क्रॉस आहे हो.’ म्हणजे आई विलायती, बाप कुठला तो देवाला ठाऊक. आता हेच वाक्य लोक ऐटीत म्हणतात, कारण ‘मालटीपू’ (माल्टीज आणि पूडल यांचा संकर), ‘कॉकापू’ अशी नावं घेऊन आलेलं पिल्लू फुकटात मिळत नाही.

मुळात कुत्रं घरात शिरलं हीच अलीकडची गोष्ट. दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद मानतो. पण साखळी गावच्या दत्ताच्या पायां पडून आलेली आजीही सुणें (कुत्रं) माजघराच्या उंबऱ्याशी दिसलं की केरसुणी उचलायची. त्याचं काम राखणीचं, जागा अंगणातली. मांडीवरच्या कुत्र्यासाठी पोर्तुगीज भाषेत ‘लुलू’ असा खास लाडाचा शब्द आहे, आणि पॉमेरेनियन तिकडे ‘लुलू दा पोमेरानिया’.

आपल्याकडेही मांडीवर आधी चढला तो ‘पॉमेरेनियन’च. खरं तर त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन तीन किलोच्या आसपासचा, आणि तोही पूर्वी एवढा लहान नव्हता. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को पाच किलोंच्या वर होता; तिची आवड पाहून इंग्लंडच्या पैदासकारांनी ही जात आणखी लहान करत नेली. ‘अस्सल’ म्हणतात ते असं ताजं असतं.

पूडलच्या संकरांची कथा वेगळी. कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा कॉकापू अमेरिकेत १९६०च्या आसपास रुळला होता. पण लाट उसळली ती ऑस्ट्रेलियातून, आणि तीही मोठ्या कुत्र्यामुळे. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. तिथल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत पैदास सांभाळणारे वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्या नवऱ्याला सोसलं. उरलेली दोन कुणी घेईना, तेव्हा ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे केलं, आणि मागण्या सुरू झाल्या. कुत्री तीच, नाव तेवढं नवं! पुढे पैसेवाल्या पैदासकारांनी जे मांडलं ते पाहून कॉनरन यांनी जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

तिनांपैकी एक, हा हिशेब मात्र विक्रेते सांगत नाहीत. पूडलचे केस गळतात कमी, कारण सुटलेला केस कुरळ्यांतच अडकतो. पण ॲलर्जी केसांची नसतेच, ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची. अमेरिकेत २०११ मध्ये घराघरांतली धूळ तपासली, तेव्हा ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतरांच्या घरांत फरक सापडला नाही. केसांचा पोत, लांबी, दाढी-मिशा हे मुख्यतः तीन जनुकांवर ठरतं, असं २००९ मध्ये दिसून आलं. ही पत्त्यांची पानं प्रत्येक पिल्लाला वेगळी वाटली जातात. पहिल्या पिढीत थोडाफार सारखेपणा असतो; संकराला संकर लावला की एकाच विणीत एक सपाट केसांचं, एक लोकरीसारखं.

म्हणून नावापेक्षा आई-बाप पाहावेत. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराची नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. रेबीजबाबत गोवा सुदैवी, २०२१ मध्ये ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य. तरी लस चुकवायची नाही.

बाकी ओळख पहिल्या पावसात होते. जूनमध्ये भिजलेली लोकर आतून सुकत नाही, जटा होतात, बुरशी धरते, आणि कानामागे बोट घातलं की गोचीड लागते. आमच्या शेजारच्या ‘टॉय’, म्हणजे खेळण्याएवढ्या, पिल्लाची जुलैत चक्क कातर करावी लागली. खालून निघालं ते तपकिरी, सपाट केसांचं, पाववाल्या पोदेराचा पों-पों ऐकला की फाटकाकडे धावणारं सुणें.