कमी चाललेली बाईक आणि जपलेली बाईक, यात फरक आहे राव

आधीच सांगतो, जुन्या बाईकबद्दल बोलतोय, आणि इथं कमी चाललेली म्हणजे मीटरवर किलोमीटर कमी, ॲव्हरेजचा संबंध नाही, नाहीतर लगेच कोणीतरी विचारणार लिटरला किती देते.

तर जिथं बर्फ पडतो, तो वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाडी वर्षातले चार-पाच महिने उभीच असते, तिथली जुनी बाईक बघायला गेलेला माणूस हमखास म्हणतो, "दहा वर्षांची आहे पण फक्त सहा हजार चाललीय, नवीच समज." नवी कुठली! कमी चालली म्हणजे पिस्टन, क्लच, चेन कमी झिजली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण रबर, ब्रेक ऑईल, बॅटरी आणि टाकीतलं पेट्रोल यांना मीटरशी देणंघेणं नसतं, ती नुसत्या उभ्या उभ्याच म्हातारी होतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, 2316 म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा. असा टायर दिसला की नक्षी कितीही खोल असो, मी नव्या टायरचे पैसे आधीच किमतीतून वजा करतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढतं, साधारण दोन वर्षांत बदलायचं असतं, आणि सहा हजारवाल्यांनी ते बहुतेक वेळा एकदाही बदललेलं नसतं.

आता खरी गोची. विकणारा छाती फुगवून सांगतो, "हिवाळ्यात दर आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायचो," आणि घेणाऱ्याला वाटतं वा, किती जपलीय. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि इंजिन नीट तापलं तर ते सायलेन्सरमधून निघूनही जातं. पण कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटांत ऑईल तापतच नाही, मग तीच वाफ थंडगार इंजिनच्या आत आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते, वर थंड इंजिनला जास्त पेट्रोल लागतं त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं, आणि सेल मारताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढंही आयडलिंगवर परत भरत नाही. म्हणजे सायलेन्सर आतून गंजतोय, ऑईल खराब होतंय, आणि मालक मात्र खूश.

खरी जपलेली गाडी हिवाळाभर चालूच केलेली नसते. शेवटची लांब राईड मारून गरम इंजिनमधलं ऑईल बदललेलं, टाकी स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) घालून काठोकाठ भरलेली, म्हणजे आत हवा नाही आणि गंजायला जागा नाही, कार्ब्युरेटर असेल तर तो रिकामा केलेला, बॅटरी काढून घरात चार्जरवर (पूर्ण उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटू शकते), आणि मग वसंतापर्यंत हात नाही लावायचा. कंटाळवाणं आहे, पण बरोबर हेच आहे.

बघायला गेलात की ऑईल भरायचं झाकण उघडा. आतून पिवळट साय धरली असेल तर बहुतेक त्या पाच मिनिटांचीच करणी. कूलंट असलेल्या गाडीत हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं तरी अशीच साय दिसते, म्हणून कूलंटची पातळीही बघा. टॉर्च मारून टाकीत डोकवा, पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर गंजाचे ठिपके शोधा. मिठानं लोखंड किती खाल्लंय ते खालून वाकून बघितलं की पाच सेकंदात कळतं.

मला विचाराल तर चाळीस हजार चाललेली, दर सीझनच्या सर्व्हिसची बिलं असलेली गाडी मी डोळे झाकून सहा हजारवालीच्या आधी उचलेन. लोक हसतात, हसू देत.

आणि हो, निघायच्या आधी फोन करून सांगा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावायचा. कोमट लागलं तर समजायचं इंजिन गार असताना ती नीट सुरू होत नसावी, म्हणून आधीच तापवून ठेवलीय, आणि पूर्ण गार होईपर्यंत तिथंच गप्पा मारत उभं राहायचं.