पार्श्वभूमी : राजा हरला, मग जिंकलं कोण?

जून 1645 मध्ये नेझबीच्या लढाईत पहिल्या चार्ल्स राजाचं सैन्य मोडलं आणि वर्षभरात इंग्लंडचं पहिलं यादवी युद्ध आटोपलं. पार्लमेंट जिंकलं. पण राजाला वठणीवर आणल्यानंतर देशाचं आणि धर्माचं काय करायचं, याबद्दल जिंकणाऱ्यांचं एकमत कधीच नव्हतं.

याचं बीज 1643 मधलं. लढाई अंगाशी येऊ लागली तेव्हा पार्लमेंटनं स्कॉटलंडला मदतीला बोलावलं. स्कॉट मंडळींना इंग्लंडमध्येही आपल्यासारखंच प्रेस्बिटेरियन चर्च हवं होतं. त्यात बिशप नसतील, पण धर्मोपदेशक आणि वडीलधाऱ्यांच्या सभांची उतरंड असेल आणि साऱ्या देशाला एकच शिस्त. मदतीच्या करारात धर्मसुधारणा ‘देवाच्या वचनानुसार’ व्हावी असे शब्द घालून पार्लमेंटच्या बाजूचे हेन्री वेन यांनी पळवाट ठेवली. इकडे नव्या फौजेत, म्हणजे न्यू मॉडेल आर्मीत, इंडिपेंडंट आणि बाप्टिस्ट विचारांचे पुष्कळ लोक होते. प्रत्येक मंडळीनं आपली उपासना आपण ठरवावी, असं त्यांचं म्हणणं. बिशपांचा जाच गेला आणि त्या जागी दुसरा आला, तर लढलो कशाला?

ही नावं धर्माची असली तरी पार्लमेंटमध्ये ती राजकीय गटांनाही चिकटली. डेन्झिल हॉलिस यांच्या प्रेस्बिटेरियन गटाला राजाशी लवकर तडजोड करून फौज मोडायची होती. फौजेतले सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल आणि वेन यांच्या इंडिपेंडंट गटाला राजाकडून पक्की हमी हवी होती.

तरीही माझ्या मते ठिणगी पडली ती पगारावरून. 1647 च्या वसंतात पायदळाचा 18 आठवड्यांचा आणि घोडदळाचा 43 आठवड्यांचा पगार थकला होता. पार्लमेंटनं काही शिपायांना आयर्लंडला धाडायचं, बाकीच्यांना घरी पाठवायचं ठरवलं आणि हातावर टेकवायला काढला जेमतेम सहा आठवड्यांचा पगार. शिपायांनी अर्ज करायचं ठरवलं, तर 30 मार्चला अर्जावर अडून राहणाऱ्यांना राज्याचे शत्रू ठरवण्यात आलं. ज्यांच्या रक्तावर विजय मिळाला त्यांना हा शब्द! पलटणींनी आपले प्रतिनिधी निवडले आणि फौज स्वतःच एक राजकीय पक्ष झाली.

जूनमध्ये जॉर्ज जॉइस नावाचा कनिष्ठ अधिकारी सुमारे 500 घोडेस्वार घेऊन होल्डन्बी हाउसला गेला. राजा तिथे पार्लमेंटच्या नजरकैदेत होता. ‘तुझा हुकूमनामा कुठे आहे?’ राजानं विचारलं. जॉइसनं मागे उभ्या असलेल्या स्वारांकडे बोट दाखवलं. पुढची दोन वर्षं इंग्लंडमध्ये सत्ता कुठे होती, हे त्या बोटानं दाखवलं.

ऑगस्टमध्ये फौज लंडनात शिरली. पण फौजेतही फूट होतीच. ऑक्टोबरअखेर लंडनजवळच्या पटनीच्या चर्चमध्ये वाद झाला तो मताधिकाराचा. कर्नल रेनबरो म्हणाले, इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही थोरामोठ्याइतकंच आयुष्य जगायचं असतं. म्हणून ज्या सरकारखाली राहायचं त्याला त्याची संमती हवी. क्रॉमवेल यांचे जावई आयर्टन अडून बसले: ज्याचा या देशात कायमचा हितसंबंध, म्हणजे जमीन किंवा व्यापार, मत त्यालाच. सर्वांना समान राजकीय हक्क मागणारी, लेव्हलर्स म्हणून ओळखली जाणारी मंडळी रेनबरोंच्या बाजूची होती.

1648 मध्ये राजाच्या बाजूनं पुन्हा युद्ध झालं. तरीही 5 डिसेंबरला पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहानं राजाशी बोलणी चालू ठेवायचा कौल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजेचे कर्नल प्राइड हातात यादी घेऊन सभागृहाच्या जिन्यावर उभे राहिले. येणाऱ्या सभासदांपैकी कुणाला परत पाठवलं, कुणाला अटक केली. उरलेल्यांच्या जोरावर खटला चालला आणि 30 जानेवारी 1649 ला राजाचा शिरच्छेद झाला.

मे महिन्यात लेव्हलर विचारांच्या पलटणींनी बंड केलं. क्रॉमवेल यांनी त्यांना बर्फर्डला गाठून चर्चमध्ये कोंडलं आणि तिघांना बाहेर गोळ्या घातल्या. आत कोंडलेल्या एका शिपायानं बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या शिशावर कोरलं: ‘अँथनी सेडली, 1649, कैदी’. ती अक्षरं आजही तिथे आहेत.