गाऱ्यातला टायर अन् बर्फातला टायर

मागच्या जानेवारीत भाच्यानं म्युनिकवरून एका टायरचा फोटो पाठवला. टायरच्या सगळ्या खाचा बर्फानं गच्च भरलेल्या, आपल्याकडे आषाढात काळ्या गाऱ्यानं, म्हणजे चिखलानं, भरतात ना, अगदी तशा. मी आपलं सवयीनं लिहिलं, "अबे काडी घे अन् खरडून काढ, नाहीतर फसशील." तर त्याचा मेसेज, "मामा, तो भरलेलाच पाहिजे. मोकळा टायर जास्त घसरते." मला वाटलं पोट्टा मजा घेऊन राहिला. पण मग दोन-तीन रात्री वाचत बसलो, अन् लक्षात आलं की टायरबद्दल आपली सगळी अक्कल शेताकडच्या कच्च्या पांदणीतून आलेली आहे, ती बर्फावर अर्धी चालते अन् अर्धी बरोबर उलटी पडते.

आधी आपली पांदण घ्या. यवतमाळकडची काळी माती म्हणजे अतिशय बारीक कणांची चिकणमाती, तिच्यातल्या खनिजाचे पापुद्रे असतात अन् पाऊस पडला की पाणी या पापुद्र्यांच्या मधात शिरते, माती फुगते अन् पापुद्रे एकमेकांवरून सरकायला लागतात. बोलेरो पिकअप, मागच्या चाकावर चालणारी, डाला रिकामा, पन्नास पावलं जात नाही तर टायरची नक्षीच गायब, चार काळे लाडू फिरून राहिले असं दिसते. म्हणून चिखलाच्या टायरला मोठमोठे ठोकळे अन् मधात रुंद फटी, चाक फिरलं की गारा उडून बाहेर पडावा. तेही जमलं नाही तर धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या आणून चाकाखाली टाकायच्या, हे तर सगळ्यांनीच केलं आहे.

बर्फाचं उलटं आहे. भुसभुशीत बर्फ दाबला की त्याचे कण एकमेकांत अडकतात अन् चिकटतात, म्हणून तर तिकडची पोरं त्याचे गोळे करून मारतात. टायरच्या खाचेत बसलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरते, अन् ही बर्फाची बर्फावरची पकड नुसत्या रबरापेक्षा चांगली असते. म्हणून हिवाळी टायरच्या खाचा बर्फ धरून ठेवायलाच बनवलेल्या असतात. त्यातही प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा दिसतील, इंग्रजीत त्यांना साइप म्हणतात. जॉन साइप नावाच्या अमेरिकन माणसानं १९२३ मध्ये या चिरांचं पेटंट घेतलं होतं. खाटिकखान्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरायचा म्हणून त्यानं बुटाच्या तळव्याला चिरा पाडल्या अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, झिजलेली स्लीपर घालून ओल्या मोरीत गेलेल्या माणसाला ती लगेच पटते.

कडक बर्फ झाला तर मात्र खाचेत भरायला काहीच नसते. तिथं या चिरांच्या कडा अन् मऊ रबर, बस. बर्फ घसरडा काहून असतो, तर शाळेत शिकवलं होतं की वजनाच्या दाबानं तो वितळतो. हे उत्तर अपुरं आहे, कारण चांगल्या थंडीत एवढ्याशा दाबानं तो वितळतच नाही अन् तरी माणूस घसरतोच. मायकल फॅरडेनं १८५० मध्येच सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असते. वरून घासल्यानं गरमी होते ते वेगळंच. म्हणूनच शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ सगळ्यात बेकार, उणे वीसचा कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा.

आता रबर. तिकडं सांगतात की तापमान ७ अंशाच्या खाली गेलं की उन्हाळी टायर काढा. मला हे पटेना. रबर काही ७ अंशावर दगड होत नाही, सायकलची ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली तरी वाकतेच. अन् आपल्या नागपूरचाही पारा २०१८ च्या डिसेंबरात ३.५ वर गेला होता, गाड्या चालूच होत्या की. उत्तर सापडलं संक्रांतीच्या चिक्कीत. बायको गुळाचा पाक करत होती, ताटातला पाक कोमट झाल्यावर मी एक पट्टी उचलली. हळू वाकवली तर आरामात वाकली, अन् तीच पट्टी झटक्यानं वाकवली तर कट्‌कन तुटली. ताट तेच, पाक तोच, गरमीही तेवढीच, फरक फक्त वेगाचा. (पट्टी तुटल्यावर बोलणी खाल्ली ती वेगळी.)

रबराचंही हेच आहे. ट्यूब आपण हातानं वाकवतो ते फार सावकाश. पण डांबरावरचे बारीक खडे रबराला सेकंदाला हजारो वेळा दाबतात, अन् इतक्या वेगानं दाबलं की रबर असल्यापेक्षा बरंच थंड असल्यासारखं वागते, म्हणजे कडक. खड्यांच्या फटीत शिरून पकडायचं सोडून ते वरच्यावर सरकते. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त अन् सोबत सिलिका नावाची बारीक भुकटी असते, त्यामुळं थंडीतही मऊपणा राहते. ७ अंश ही काही लक्ष्मणरेषा नाही, अंदाजानं धरलेला आकडा आहे. अन् हाच मऊ टायर आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशात चालवला तर खोडरबरासारखा झिजेल, म्हणून कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घेऊ नका.

तर भाच्याची गाडी. बीएमडब्ल्यू, सेकंडहँड, ३२६ हॉर्सपॉवर अन् टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ४५० न्यूटन-मीटर, आपल्या बोलेरोच्या दुपटीहून जास्त, अन् सगळा जोर मागच्या दोन चाकांना. मी कागदावर मोटामोटी हिशोब केला. पहिल्या गिअरमध्ये ही गाडी मागच्या चाकांतून १८०० किलोच्या आसपास जोर लावू शकते. त्या चाकांवर वजन साधारण ८०० किलो. सुक्या डांबरावर पकड सातशे-आठशे किलोपर्यंत मिळेल, दाबलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरनं दोनशे-अडीचशे, अन् ओल्या कडक बर्फावर शंभरही मुश्किल. म्हणजे इंजिन कितीही मोठं असो, बर्फावर त्यातलं जेमतेम सातवा हिस्सा कामाचं, बाकी चाक नुसतं जागेवर फिरवायला.

लोक म्हणतात मागच्या चाकाची गाडी रेस केली की मागं बसते, वजन मागच्या चाकांवर येते, पकड वाढते. सुक्यावर बरोबर आहे, दणकून पळवली तर दीडेकशे किलो मागं सरकते. पण वजन सरकायला गाडी आधी जोरात पळायला तर पाहिजे ना, अन् बर्फावर तेच होत नाही, तिथं पन्नासेक किलोच्या आतलाच खेळ. पुढच्या चाकाच्या गाडीत इंजिनचं वजन आपोआपच चालत्या चाकांवर असते, म्हणून ती गुमान निघते. आणखी एक गोष्ट, टायरची पकड म्हणजे एकच पगार, त्यातूनच पळवायचं अन् त्यातूनच वळवायचं. वळणावर मागच्या चाकांचा सगळा पगार इंजिननं खाल्ला की बाजूला धरायला काही उरत नाही अन् गाडीचं बूड बाहेर फिरते. चाक घसरलं की आपोआप आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण तो इंजिनचा हात धरतो, चाकाला ब्रेक लावतो, पकड काही त्याला बनवता येत नाही.

भाचा आधी म्हणे, मामा जोर मागच्या चाकांना आहे तर दोनच टायर घेतो मागचे. मी तेव्हाच ओरडलो, हे मात्र पांदणीवरूनही समजते, नांगर कितीही चांगला ओढला तरी बैल वळायला पाहिजेत, थांबायला पाहिजेत. ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात अन् वळणं तर सगळंच त्यांच्यावर. चारही टायर हिवाळीच पाहिजेत. त्याच्या गाडीला मागं २५५ अन् पुढं २२५ मिलिमीटर रुंदीचे दिखाऊ टायर होते, १९ इंची रिमवर. हिवाळ्यासाठी त्यानं चारही २२५ चे घेतले, १७ इंची रिमवर. अरुंद टायर पातळ बर्फाचा रबडा कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर त्याच्यावर तरंगायला पाहतो. शिवाय लहान रिमचे टायर स्वस्त पडतात, अन् बाजूची भिंत उंच असल्यानं बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते.

घेताना त्यानं टायरच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असा शिक्का पाहिला. ही खूण बर्फावर तपासणी झालेल्या टायरलाच मिळते. एम प्लस एस (चिखल अन् बर्फ) असं लिहिलेलं असते ते कंपनी आपल्या मनानंही लिहू शकते, अन् जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसतं तेवढं चालत नाही, चांदणीच पाहिजे. नक्षीची खोली कायद्यानं कमीत कमी १.६ मिलिमीटर, पण बर्फात ४ च्या खाली गेली की टायर नावालाच हिवाळी, शेजारच्या ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरला ४ चाच नियम आहे. अन् भिंतीवरचे शेवटचे चार आकडे बघायचे, २३२४ म्हणजे टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे आपल्या टायरवरही असते, दुकानदार दाखवत नाही.

हवेचं मात्र तो विसरला होता. ऑक्टोबरात वर्कशॉपमध्ये २० अंशाला २.३ बार हवा भरलेली (हा बार दाब मोजायचा, बसायचा नाही). मी म्हटलं, आता तिकडं उणे ८ आहे म्हणतोस, मग हवा आकसली असणार, २ च्या आसपास निघेल बघ. तो म्हणे, मामा टायर नवे आहेत, पंक्चर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी त्यानं पेट्रोलपंपावरून आणलेल्या मीटरनं मोजली अन् मीटरचाच फोटो पाठवला, काटा २ वर, अन् खाली लिहिलेलं, "चारही."