कोकणच्या ताटात दूध कुठून आलं?

कोकणात व्हीगन राहतो, म्हणजे मांस-मासे, दूध असं प्राण्यांपासून येणारं काहीच खात नाही, म्हटलं की पाहुणे दोन गोष्टी विचारतात: चहात काय घालता, आणि मासे खरंच सोडलेत? प्रश्न एका दमात येतात, पण दुधाची इथली गोष्ट वेगळी आणि माशांची वेगळी.

इथली गावठी गाय, जिची आता 'कोकण कपिला' या नावानं नोंद झाली आहे, अंगानं लहान. कातळावर चरून आणि चार महिने पावसात भिजूनही तग धरणारी. ती पाळायची नांगराच्या बैलांसाठी आणि शेणासाठी. वासराचं पोट भरून उरेल तेवढंच दूध, म्हणून कोरा चहा घरोघरी चाले. दुधाची जागा नारळानं भरून काढली. शिरवाळ्या आणि खापरोळ्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात, सोलकढीही नारळाचीच. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं यांना दुधातुपाची गरज कधी पडलीच नाही. हे सगळं जमिनीनं, पावसानं आणि गरिबीनं ठरवलं. 'आपले पूर्वज व्हीगनच होते' असं हल्ली ऐकू येतं, ते खरं नाही. त्याच घरात सुकटीचा डबाही असे.

करुणेचा एक धागा मात्र ऋषिपंचमीत सापडतो. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नेम. मग परसातलं अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, मक्याचं कणीस एकत्र शिजतं. व्रताची कथा बायकांच्या विटाळाशी बांधलेली आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. पण आपल्या घासामागे कुण्या जनावराची मेहनत आहे, हे वर्षातून एक दिवस तरी ताटात दिसावं, यात मोठा विचार आहे.

हाच विचार गांधीजींनी दुधापर्यंत नेला. गाईम्हशींचा शेवटचा थेंब काढण्यासाठी होणाऱ्या 'फुक्या'च्या क्रूर प्रकारामुळे त्यांना दूध नकोसं झालं आणि 1912 मध्ये त्यांनी ते सोडलं. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून शेळीचं दूध घेतलं, पण व्रताचा आत्मा मोडल्याची खंत त्यांनी लिहून ठेवली. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी काढली ती 1944 मध्ये.

आपल्याकडे वारं उलट्या दिशेनं वाहिलं. 1946 मध्ये आणंदचा सहकारी संघ उभा राहिला, 1970 मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली आणि कालांतरानं घाटावरून उतरणारी दुधाची पिशवी कोकणातल्या वाडीवाडीत पोचली. दरम्यान नांगराची जागा पॉवर टिलरनं घेतली आणि खोंडाला कामच उरलं नाही. 2015 पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, पण त्याला पोसायचं कुणी, याची सोय कायद्यानं शेतकऱ्याच्या हाती दिली नाही. दुधाचा हिशेब करताना मला हा खोंड आधी आठवतो.

माशांचं सांगताना आवाज खाली येतो. गाबीत आणि कोळी समाजाचं पोट समुद्रावर आहे. शाकाहाराच्या नावाखाली त्यांना जातीवरून हिणवण्याचा इतिहासही इथलाच, त्यामुळे मी मासे सोडले तरी त्यांना उपदेश करायला जात नाही. यांत्रिक बोटी आणि माशांचा अख्खा थवा वेढणारी पर्ससीन जाळी आली, तशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, ओढणाऱ्यांची ओढ रिकामी येऊ लागली. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी आणि 2016 मधले पर्ससीनवरचे निर्बंध यांसाठी पारंपरिक मच्छीमारच भांडत आले आहेत.

आता व्हीगन दूध आणि चीज यांचा मोठा आधार काजू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेलं हे झाड आज सिंधुदुर्गाचं मोठं पीक आहे. बी फोडताना टरफलातलं तेल हातांची कातडी भाजतं, आणि हे काम बहुतेक बायकाच करतात. काजू घेताना त्या कारखान्यात हातमोजे मिळतात का, मजुरी किती पडते, हे मी विचारतो. बहुतेक दुकानदारांना ते ठाऊक नसतं.